पोटातून आलेलं

च्याओदी काकूंनी चहाचा पेला रुइयिंगच्या हातात दिला नाही. पायरीवर ठेवला आणि त्या मागे सरकल्या.

"घे. पण घरात शिरण्याआधी हात धू हं. तुझ्या आईची बाळं आत्ता कुठे मोठी व्हायला लागलीत."

बाळं म्हणजे रेशमाच्या अळ्या. चीनमधल्या हूचौकडच्या गावांत त्यांना दुसरं नाव नाही. हंगाम लागला की परक्यांनी आत येऊ नये म्हणून दारांवर लाल कागद चिकटतात, माणसं हळू बोलतात, आणि काकू कालवा ओलांडून पलीकडे जात नाहीत. पलीकडचं घर त्यांच्या सख्ख्या जावेचं, म्हणजे रुइयिंगच्या आईचं असलं तरी.

"मी त्याचसाठी आलेय, काकू," रुइयिंग म्हणाली. "त्या वर्षी आमच्या घरची बाळं मेली ना, ती तुमच्यामुळे नाही."

काकू आणखी थोड्या मागे सरकल्या.

त्या वर्षी रुइयिंग अजून शाळेतही जात नव्हती. काकूंची मुलगी जन्मली आणि आठवड्याच्या आत गेली. रिकाम्या हातांनी अंथरुणावर बसवेना, म्हणून बाळंतिणीचा महिना सरायच्या आधीच त्या उठल्या आणि जावेच्या अळ्यांना तुतीचा पाला घालायला लागल्या. थोड्याच दिवसांत अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके उठले. सगळ्या सुपांतल्या अळ्या खड्डा खणून पुराव्या लागल्या. "स्वतःचं खाल्लंस," रुइयिंगची आई सगळ्या गावादेखत ओरडली होती, "आता माझीही खाल्लीस!"

रुइयिंग आता शहरातल्या संस्थेत त्याच रोगाच्या परजीवीची जनुकं वाचते.

"आमच्या माळ्यावरच्या जुन्या सुपाच्या फटीत त्याचे अवशेष सापडले मला," ती म्हणाली. "आणि ज्या केंद्रातून त्या वर्षी अळ्यांची अंडी आली, तिथले ती अंडी घातलेले, वाळवून ठेवलेले पतंगही मिळाले. दोन्हीकडची जनुकं मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. एकच आहेत, काकू. अंडी गावात आली तेव्हाच रोग आत होता. तुम्ही पाल्याला हात लावण्याआधीच."

"डोळ्याला दिसतो तो?"

"छे! इतकासा जीव, की स्वतःची चूलही नाही त्याला. अळीच्या आत बसून तिचंच ओरपतो."

"म्हणजे माझी सावली नव्हती."

"कुणाचीच नव्हती."

काकूंच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्या येऊन रुइयिंगशेजारी पायरीवर टेकल्या, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशा. इकडच्या रीतीनं चहात घातलेले खारवलेले हिरवे सोयाबीनचे दाणे त्यांनी चमच्यानं काढून तिच्यापुढे धरले.

"पण अंड्यात कसा गं शिरला?"

"आईकडून." रुइयिंगचा आवाज उत्साहानं चढला. "आई वरून अगदी धडधाकट दिसते. अंडीही घालते. पण तो तिच्या पोटात दडलेला असतो. तिथूनच पिल्लांत उतरतो. तिला बिचारीला पत्ताही नसतो."

काकूंचा चमचा हवेतच थांबला.

"मीही धडधाकटच होते," त्या म्हणाल्या.

रुइयिंगला कळायला क्षणभर लागला. "काकू! मी पतंगांचं बोलतेय! माणसांना होत नाही हा रोग. तुमच्या मुलीचं वेगळं होतं, तिला—"

तिला काय झालं होतं, ते रुइयिंगला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"हो गं. पतंगांचंच," लहान मुलाची समजूत घालावी तशा काकू म्हणाल्या. पण त्यांची बोटं सदऱ्यावरून पोट चाचपत होती, आत अजून काही हलतंय का ते पाहावं तशी.