सर्पगरुडाची सावली

कर्वेनगरात मांज्यात अडकलेला सर्पगरुड हेमानेच प्राणिसंग्रहालयात पोचवला होता. डावा पंख कायमचा निकामी झाला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"रोज मांस घालतो, पण मलाही ओळखत नाही. तुम्हाला काय ओळखणार?" रखवालदार जयसिंग म्हणाला.

गरुड पंख मिटून फांदीवर बसला होता. त्याची सावली मात्र पिंजऱ्याच्या जमिनीवर घिरट्या घालत होती.

"जयसिंग, ही सावली कुणाची?"

"वर घार असेल, बाई."

हेमाने वर पाहिलं. भर दुपारचं आभाळ रिकामं होतं.

सावली भिंतीवर चढत फांदीपर्यंत आली. आता तिच्या नखांत एक कलश दिसत होता. तो हळूच कलंडला.

गरुडाचा डावा पंख ओला झाला. मग तो उघडला.