बारा पायलीचं तपेलं

हरेश्वर निर्दोष सुटला. कोर्टाबाहेर त्याच्या बायकोने, हंसाने, पेढे वाटले, त्यातला एक सरकारी वकिलांनीही खाल्ला. पण हे काही घडलेलंच नाही असं तूर्त समजा. कारण त्या मंगळवारी सकाळी हरेश्वर हंसाबरोबर वसईत ॲडव्होकेट प्रिस्का यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसला होता, आणि पेढा सोडाच, त्याला कोणी पाणीही विचारत नव्हतं.

आरोप होता गावकीचं तपेलं चोरल्याचा. लग्नाकार्याला लागणारी गावाची सामाईक भांडी एका कौलारू खोलीत असत. त्या खोलीची किल्ली तीन पिढ्या हरेश्वरच्या घरात होती. भांड्यांतलं थोरलं म्हणजे हे तांब्याचं तपेलं. बारा पायली तांदूळ एका दमात शिजवणारं.

गेल्या वर्षी समितीचा तरुण अध्यक्ष भूपेश याने चोरांच्या भीतीने खोलीला लोखंडी दार बसवलं. दार इतकं अरुंद निघालं की तपेलं आतच अडकलं. दार कोरं होतं, ते कापणं कोणाच्या मनाला पटेना. म्हणून समितीने ठराव केला, की तपेलं आतच कापून भंगारात द्यावं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या घ्याव्यात.

वैशाखात कापणारा माणूस गॅस-कटर घेऊन आला, तर आत तपेलं नाही. किल्ली हरेश्वरची, म्हणून चोर हरेश्वर. त्याच हरेश्वरने चैत्रात त्या खोलीची कौलं स्वतःच्या हाताने उतरवून पुन्हा चढवली होती. कंबर धरली ती तेव्हापासून. याच समितीने त्याबद्दल नारळ देऊन त्याचा सत्कार केला होता.

आता किल्लीही काढून घेतली होती. तुरुंगाचं त्याला फारसं वाटत नव्हतं. पण दर दोन मिनिटांनी हात करगोट्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

बाकावर शेजारी अर्नाळ्याचा लुईस होता. सुक्या बोंबलांच्या जुडीने भावोजींचं डोकं फोडल्याच्या केसमधून सुटलेला. दर महिन्याला मॅडमना मासळी द्यायला यायचा.

"बाई म्हणजे देव हाय," लुईस म्हणाला. "आत गेलो, खरं सांगितलं, तिसऱ्या तारखेला बाहेर."

पलीकडे तुळिंजच्या मंदाबाई बसल्या होत्या. त्या तक्रार घेऊन आल्या होत्या.

"आमच्या ह्यांना सोडवलं तिने," त्या म्हणाल्या. "सोडवायचं ठीक हो, पण घरी कशाला पाठवायचं? सहा महिने काय शांतता होती!"

"सगळेच सुटतात का?" हंसाने विचारलं.

लुईसने इकडेतिकडे पाहिलं. "एरॉल नाही सुटला. तो खरोखरचा निर्दोष. तेच त्याने सांगितलं. बाई गोंधळली. निर्दोष माणसाचं लपवायचं काय, तेच तिला कळेना." मग हरेश्वरकडे वळून, "काका, तुम्ही केलंय ना?"

"ह्यांनी?" हंसा उसळली. "मुंगी पायाखाली आली तर तिची माफी मागतात हे! कोनी सांगितलं चोरी केली म्हनून?"

"अरेरे," लुईस मनापासून हळहळला. "मग अवघड आहे. एक करा. आत जाऊन केलं म्हणूनच सांगा. नीट बारकाव्यांसकट."

"सांगा हो," मंदाबाईंनीही री ओढली. "वकिलाशी खोटं बोललं तर पाप नाही लागत."

हंसाने नवऱ्याचा हात दाबला. "जमेल तुमाला?"

"बघतो," हरेश्वर म्हणाला.

मॅडम अशिलाला एकट्यालाच आत घेत. हरेश्वरने दार लावलं, खुर्चीत बसला आणि सांगितलं. कौलं उतरवली, दोरखंडाने तपेलं वरून काढलं, भाड्याच्या टेम्पोत घातलं, चिंचोटीला सासऱ्यांच्या कोरड्या विहिरीत सोडलं, वर झावळ्या टाकल्या. तांब्याला पोचा पडू नये म्हणून खाली पेंढा.

"पेंढा?" मॅडमनी लिहिणं थांबवलं.

"दोन भारे."

"छान. आता हे कोणालाही सांगायचं नाही."

बाहेर आल्यावर हंसा म्हणाली, "काय सांगितलंत?"

"आलं तोंडाला ते."

कोर्टात मॅडमनी एकच गोष्ट आणली, शिंप्याची टेप. दार बत्तीस इंच. समितीच्याच कागदावर तपेलं अडतीस इंच. उभं धरा नाहीतर आडवं.

"मग तपेलं गेलं कुठे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते फिर्यादी पक्षाने सांगायचं, युवर ऑनर."

फिर्यादी पक्षाने भूपेशकडे पाहिलं. भूपेशने दाराच्या बिलाकडे पाहिलं.

आता सुरुवातीचे ते पेढे घडले असं समजायला हरकत नाही.

रविवारी देवळासमोर गाव जमलं. भूपेशने हरेश्वरच्या अंगावर शाल घातली, किल्ली परत केली आणि सगळ्यांदेखत पाया पडला.

"काका, लाज वाटते मला. देवमाणसावर आळ घेतला आम्ही."

हरेश्वरने किल्ली करगोट्याला बांधली. त्याचे डोळे भरून आले. बायका रडल्या. लुईसने अर्नाळ्याहून पापलेटं पाठवली होती.

"आणि एक सरप्राइज आहे, काका! काकूंना विचारलं, तुम्हाला काय हवं. काकू बोलल्या, माहेरच्या विहिरीला पाणी लागलं तर ह्यांना बरं वाटेल. पालिकेच्या लिस्टमध्ये पहिला नंबर लावलाय. परवा गाळ काढणार. आख्खा गाव येतोय श्रमदानाला!"

टाळ्या वाजल्या. हंसा लाजली. हरेश्वरने कंबर धरली.

सोमवारी पालिकेच्या आवक विभागात एक अर्ज दाखल झाला.

"मा. आयुक्त साहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या गावाचे व आपले उपकार मी जन्मात विसरणार नाही. तरी विनंती की मौजे चिंचोटी येथील सदर विहीर कृपया उपसू नये. उपसणे अटळ असल्यास श्रमदानास आलेल्या सर्व ग्रामस्थांनी डोळे मिटून उपसावी, व झावळ्यांखाली जे लागेल त्याला पोचा येऊ देऊ नये."