गळ्यातलं इष्टलिंग

"अव्वा, घोटभर पाणी तरी घे!" बसवप्रभु काकुळतीला आला.

"गळ्यात इष्टलिंग न्हाई, बसू. पूजेशिवाय पाणी कसं उतरंल?"

म्हातारीचा हट्ट म्हणजे हट्ट! कालपासून चन्नव्वाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. ओठ पांढरे पडलेले, शुगरच्या गोळ्या तशाच. इष्टलिंगाची चांदीची डबी कुठं पडली म्हणावं, तर एकच पालुपद, "बीदरला स्वामी नवं देतील. गाडी फिरवू नको." बीदर काय जवळ होतं? ही पोचेपर्यंत हातची जायची. त्यानं घाटात गाडी फिरवलीच.

गाडीत निजायची, रांधायची सगळी सोय होती. बीदरातल्या मैलूरच्या गल्लीतून ती दर उन्हाळ्यात हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानांकडं निघायची. शेजारी म्हणायचे, हौशी गडी, आईला डोंगर दाखवायलाय. हौस कसली डोंबलाची! थोरला भाऊ पंचाक्षरी इथल्याच नदीत वाहून गेला होता. प्रेत मिळालं नाही. तेव्हापासून बसवप्रभु काचेवर त्याचा फोटो चिकटवून प्रत्येक उद्यानाच्या फाटकावर विचारत हिंडायचा. अण्णा जिवंत हाय, म्हणायचा. त्याच्यापायी घरात समाधी नाही, विधी नाही. स्वतःचं लग्नही लांबणीवर टाकलेलं. अव्वा मुकाट मागच्या बाकावर बसून यायची.

नदीकाठी, काल जिथं मुक्काम केला होता, तिथं देवदाराखाली माती नुकतीच हललेली दिसली. त्यानं हातानं उकरली. वीतभर खड्डा, त्यात एका बाजूला कोनाडा. भस्म, घरून आणलेली बेलाची सुकी पानं आणि डबी!

"सापडलं, अव्वा!"

ओरडला आणि तिथंच थिजला. असा कोनाड्याचा खड्डा त्यानं अप्पा गेले तेव्हा पाहिला होता, माणसाएवढा. त्यांच्या लिंगायतांत मेलेल्याला कोनाड्यात बसवून पुरतात, इष्टलिंग त्याच्या हातात देऊन.

चन्नव्वा झाडाला धरून मागं उभी होती. "ठेव ते परत. पंचू शिकायला गेला तवाच त्याचं इष्टलिंग कुठं तरी हरवलं. पोरगं रिकाम्या हातानं गेलं, म्हणून माझं दिलं."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगून ऐकला असतास?"

बसवप्रभु खड्ड्यापाशी बसला. हुंदका अनावर झाला. इतक्या वर्षांत तो भावासाठी एकदाही रडला नव्हता. रडलं तर अण्णा मेला, असंच त्याला वाटायचं. बऱ्याच वेळानं तो उठला, काचेवरचा फोटो सोडवून आणला, डबीजवळ ठेवला आणि माती लोटली.

तेव्हा चन्नव्वानं हात पुढं केला.

"आण पाणी."

"अन् पूजा, अव्वा?"

"नेम मोडू दे. एकाला पुरलं. आता दुसऱ्याला घरी न्यायचं हाय."