मागचे स्पीकर

यवतमाळच्या दुकानात उर्वशी आपल्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडत होती. ग्राफिक्स कार्ड साधं, स्क्रीन लहान. भारीतले घेतले ते फक्त स्पीकर, दोन पुढचे आणि दोन मागचे.

दुकानदार हसला. "ताई, गेम का कानानं खेळतेत?"

"बाबा खेळतात," म्हणत तिनं ते स्पीकर जोडून दुकानातलाच एक गेम खेळून पाहिला.

शेजारी बसलेल्या बाबांनी कान टवकारले. "मांगून दोघं येऊन राह्यले, पोरी. पलट!"

तेव्हा कुठं दुकानदाराचं लक्ष त्यांच्या न हलणाऱ्या बुबुळांकडे गेलं.

"कपाशी फवारताना वारा पलटला, भाऊ, अन् औषध डोळ्यांत गेलं," बाबा म्हणाले. "तवा मले सांगाले मांगं कोणी नव्हतं."