पुन्हा हसेल

"बुद्ध हसला होता, आणि वेळ आली तर पुन्हा हसेल," असं म्हणून बुद्धप्रियानं मूठ वर केली आणि तशीच धरून ठेवली. इथं टाळ्यांना जागा सोडायची, असं सरांनी बजावलं होतं.

टाळ्या पडल्या, पण घरात तिची तालीम ऐकत बसलेल्या एकट्या व्यंकटी आजोबांच्या. नातीनं त्यांना रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवलं असतं तरी त्यांनी टाळ्या वाजवल्याच असत्या.

नांदेडच्या कॉलेजात आज वादविवादाची शेवटची फेरी होती. युद्धात अणुबॉम्ब टाकणं योग्य की अयोग्य, हा विषय, आणि चिठ्ठीत हिच्या वाट्याला 'योग्य' आलेलं. जिंकली तर पुण्याला राज्याच्या फेरीला जाणार. मागच्या वर्षी दुसरी आली तेव्हा पोरगी धड जेवलीसुद्धा नव्हती. यंदा तिला पहिला नंबर हवा म्हणजे हवाच होता.

"कोन हसला म्हन्लीस?" मेथी निवडता निवडता नागुबाई आजीनं विचारलं.

"बुद्ध, आजी. पोखरणला पहिला स्फोट जमला ना, तेव्हा ते खुणेचे शब्द होते म्हणतात."

"बाँब फुटला म्हनून बुद्ध हसला?"

"खुणेचे शब्द गं."

आजी नवऱ्याकडं बघून गालातल्या गालात हसायला लागली. "ह्यान्ला इचार. दुसऱ्या बारीला फोडले तवा बुद्धपौर्णिमाच होती. टपरीवर कुनीतरी म्हन्लं, बुद्ध हसला. ह्यान्ला वाटलं, आपल्या बुद्धाचंच कायतरी चांगलं झालं. अख्ख्या गल्लीत पेढे वाटून आले."

"सनाचा दिवस व्हता," आजोबा म्हणाले. "पेढे काय वाया गेले न्हाईत."

"न्हाई ना. म्या बी खाल्ला. रातच्याला मास्तरांनी सांगितलं, कशाचा पेढा ते."

बुद्धप्रिया पोट धरून हसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "पण आजी, त्या चाचणीत कुणी मेलं नव्हतं."

"आन आता पुन्हा हसंल म्हन्तीस, तवा?"

बुद्धप्रियानं ओढणी सारखी केली. "ते समोरच्यांनी बोलायचं असतं. मला चिठ्ठीत ही बाजू आली."

"बरं बाई. चिठ्ठीत आलं तर तू तरी काय करनार." आजी रागावली नव्हती. हिच्यावर तिला कधी रागावताच आलं नाही. "जा, पयला नंबर घिऊन ये. रातच्याला धपाटे करते."

"तिचं आयकू नको," आजोबा हळूच म्हणाले. "शेवट तर लई जोरात केलास. परीक्षक खुर्चीवरून उठतीन."

रिक्षा दारात येऊन थांबली. बुद्धप्रियानं पायात घातलेल्या चपला परत काढल्या. परीक्षा असो की मुलाखत, मेणबत्ती लावून पंचशील म्हटल्याशिवाय या घरातून कुणी बाहेर पडत नसे. तिनं मेणबत्ती लावली, मूर्तीपुढं गुडघे टेकले, हात जोडले. लहानपणापासूनचं पाठ. एरवी ती एका दमात म्हणून मोकळी व्हायची.

पहिलंच शील तोंडात आलं, जीव घेण्यापासून दूर राहीन हे, आणि ती अर्ध्यात थांबली.

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. आजीनं मेथीची जुडी खाली ठेवली. आजोबांना वाटलं, लेकरू घाबरलं, विसरलं. ते तिच्या शेजारी येऊन बसले आणि ती बोबडं बोलायची तेव्हा शिकवायचे तसं, एकेक शब्द तोडून, पहिलं शील तिला सांगू लागले.

"हे पाठ आहे, आजोबा," ती म्हणाली. "भाषणच विसरले."