खंडेनवमीची माळ

लोणावळ्याच्या हॉस्पिटलात झाडलोट करणाऱ्या रतनमावशींची तान्ही नात तिथंच काचेच्या पेटीत होती. तिच्या हृदयाची सोनोग्राफी पुण्याच्या डॉक्टरांकडे जाईना आणि सर्व्हरच्या खोलीत हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणारा प्रदीप घामाघूम झाला. पुण्याच्या सर्व्हरचा आकड्यांचा पत्ता दिला की पुणं उत्तर द्यायचं. त्याचं नाव टाकलं की बाहेरची ने-आण करणारा प्रॉक्सी सर्व्हर हात वर करायचा. म्हणजे लाइन धडधाकट होती, नावावरून आकडा सांगणारा डबाच मुका होता. त्यानं डब्यावरचा झेंडूचा हार उचलला. दिवा बंद! काल खंडेनवमीच्या पूजेत मावशींनी डब्याचा प्लग काढून त्या जागी हौसेनं लायटिंगची माळ लावली होती. त्यानं माळ गुपचूप खिशात कोंबली, प्लग खोचला. सोनोग्राफी गेली. डॉक्टरांचा फोन आला: पोरीचं हृदय ठणठणीत. दारातल्या मावशींनी डोळे पुसत हाराला हात जोडले. "पूजेला द्येव पावला बग!" "पावला, मावशी," खिशातली माळ दाबत प्रदीप म्हणाला.