छबीचा दुसरा मॉनिटर

छबीने केबल पुन्हा एकदा काढून खुपसली आणि मॉनिटरकडे पाहिलं. ढिम्म. काळा तो काळाच.

चूक तिचीच होती. लॅपटॉप आठवडाभर मागे लागला होता, नवी सिस्टीम टाकू का, नवी सिस्टीम टाकू का. हातातलं काम संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस, असं ऑफिसने बजावलं होतं. पण रोजची कटकट नको म्हणून काल तिने 'हो' दाबलं, आणि आज हे भोग! छबी मुद्रितशोधक. लॅपटॉपवर लेखकाची मूळ प्रत, मोठ्या मॉनिटरवर छापायची पानं, अशी शेजारी शेजारी ठेवून ती चुका काढायची. मॉनिटरशिवाय तिचं काम म्हणजे एका डोळ्याने सुई ओवणं. भूगोलाचं पुस्तक संध्याकाळी द्यायचं होतं आणि ऑफिसला कळवायला तोंड नव्हतं.

तिने लॅपटॉपवरूनच दादाला मेसेज टाकला. दादा मीटिंगमध्ये होता. फोन घेता येईना, पण टेबलाखालून टाइप करायला त्याला कोण अडवणार? मॉनिटर त्यानेच घेऊन दिलेला. बाबांच्या खोलीतला टीव्हीही त्याच दिवशी, त्याच कंपनीचा आणला होता आणि दोन्ही खोकी जिन्यावरून एकट्याने चढवली, हे तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

"सेटिंगमध्ये जा," दादाने लिहिलं. "स्क्रीन जोडा असं काहीतरी असेल. मॉनिटरचं नाव येतंय का?"

"कंपनीचं नाव येतंय."

"मग दाब की! मुहूर्त बघतेस का?"

तिने दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं.

"छबे," आतून बाबांनी हाक मारली, "हा टीव्ही काहीतरी विचारतोय गं. हो म्हणू का नको?"

बाबांचा टीव्ही रोज काही ना काही विचारायचा, आणि बाबा रोज ते तिला विचारायचे.

"म्हणा हो एकदाचं!" ती खेकसली. आणि लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं.

हल्ली ती बाबांशी अशीच बोलायची. राग बाबांवर नव्हताच, स्वतःवर होता. बाबांनी पुस्तक लिहिलं होतं. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर दोन बोटांनी टाइप करत बसला आणि दोन वर्षांत पुस्तक उभं केलं. दोन महिन्यांपूर्वी फाइल तिच्या हवाली करून म्हणाले, "तू पुस्तकांतली माणूस. छापण्याजोगं आहे का, तूच सांग. नाही म्हणालीस तर विषय संपला." आठवड्याभराने छबीने ठोकून दिलं, "वाचलं बाबा. छान झालंय." बाबा चक्क लाजले. आज सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुला त्यातलं जास्त काय आवडलं गं?" "सगळंच," असं म्हणून छबी कप विसळायला उठली होती.

आई गेली तेव्हा छबी रांगत होती. बाबांनी एकट्याने तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, तापात रात्री जागवल्या. आईचं नाव काढलं की तेवढे ते उठून जायचे, बाकी काही कमी पडू दिलं नाही. आणि त्या माणसाचं एवढंसं पुस्तक तिच्याने वाचवत नव्हतं. पोटासाठी परक्यांची पानंच्या पानं वाचतेस, बापाचं वाचायला काय धाड भरली? हे ती स्वतःलाच रोज ऐकवायची, आणि रोज फाइल न उघडता झोपायची.

लॅपटॉपवर अक्षरं उमटली, 'स्क्रीन जोडली आहे.' मॉनिटर मात्र काळाच.

"जोडली म्हणतंय," तिने टाइप केलं. "दिसत काहीच नाही."

"नाटकी आहे मेलं. थांब, इथे कुणाला तरी विचारतो." मग थोड्या वेळाने, "काय गं, बाबांचं वाचलंस ना तू? काल मला फोनवर विचारत होते, छबीला खरंच आवडलंय का म्हणून."

छबीने आतल्या दाराकडे पाहिलं. टीव्हीचा आवाज येत नव्हता. बाबांना डुलकी लागली असावी. कुणापाशी तरी बोलून मोकळं व्हावं, असं तिला फार दिवस वाटत होतं. दादाशिवाय होतं कोण?

"नाही रे," तिने लिहिलं. "चार पानं वाचली आणि मिटलं. नुसते पंप आणि व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह आणि पंप. कोण छापणार हे? वाचलं म्हणून धडधडीत खोटं सांगितलं. समोर आले की मान वर करवत नाही."

"मी तर पहिल्याच पानावर आडवा. तू निदान चार पानं टिकलीस."

"हसू नकोस. मेल्याहून मेल्यासारखं होतं."

मग दादाचा मेसेज आला, "बरं, ऐक. इथला एकजण म्हणतोय, ते जोडलेलं आधी तोड. मग मॉनिटरची वायर भिंतीतूनच काढ, जरा दम धर आणि पुन्हा लाव."

छबीने तसंच केलं. जोडलेलं तोडलं, तशा आतल्या खोलीत बातम्या एकदम मोठ्याने सुरू झाल्या. तिने टेबलाखाली शिरून वायर काढली, तिथेच उकिडवी बसून राहिली, मग वायर लावून डोकं वर काढलं. मॉनिटर लख्ख उजळला. भूगोलाचं पान, नद्यांसकट!

"लागला एकदाचा!" ती ओरडली. तिचा जीव भांड्यात पडला. त्या भरात तिने ठरवूनही टाकलं. भूगोल दिला की आज बाबांचं पुस्तक घेऊन बसायचं, शेवटपर्यंत वाचायचं आणि त्यातलं काय आवडलं ते उद्या चहाला खरंखुरं सांगायचं. बाबांना कधी काही कळायचंही नाही.

बाबा दारात येऊन उभे राहिले. मॉनिटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"टीव्हीवर वाचलं मी. छापलं नाही तरी चालेल गं," ते म्हणाले. "पण पाचव्या पानापासून तुझी आई आहे."